गोड करून सांगितलेली साक्ष

दर शनिवारी सकाळी, अमरावतीच्या आमच्या डेफ सहभागितेत, म्हणजे बहिऱ्या ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनासभेत, आमची एक पोरगी साक्ष द्यायला उभी राहिली की आधी आपला फोन टेबलावरच्या पाण्याच्या जगला टेकवून उभा करते. तिला ऐकू येत नाही, मला येतं. ती हातांनी बोलते, मी पहिल्या रांगेत तिच्यासमोर बसून माइकवर तेच तोंडानं सांगते, आणि मी जे काही बोलते ते फोन तिला मराठीत लिहून दाखवतो. ती एक वाक्य करते, थांबते, फोनवर वाचते, मान हलवते. मग पुढचं वाक्य. नव्यानं येणाऱ्यांना वाटतं, वा, काय सोय झाली आहे! परवा एका बाईनं मला तसं म्हणूनही दाखवलं. मी म्हटलं, "हाव ना, लय सोय झाली." आता तिला काय सांगू बाप्पा, की हा फोन माझ्यावर बसवलेला पहारेकरी आहे आणि मी त्याच लायकीची आहे.

मी अकोल्याची. जठारपेठेत मी आणि माझा धाकटा भाऊ राहतो. मी शाळेत शिकवायचे, तो बाइंडिंगचं काम करतो. भाऊ जन्मापासून बहिरा, म्हणून मला साइन, म्हणजे हातांची भाषा, येते. म्हणजे लोकांना मी असं सांगते. लोक म्हणतात, भावाच्या मायेपोटी शिकली हो! मी मान खाली घालते, आणि त्यांना वाटतं नम्रपणा आहे.

खरं असं की मी बारा वर्षांची होते आणि तो सहा. शाळेतल्या बाईंनी आमच्या बाबांना बजावलं होतं, ह्याला हातवारे करू देऊ नका, हात हलवायला लागला तर जन्मात बोलणार नाही. त्या काळी सगळे हेच सांगत. बाबा दिवसभर बाहेर, आईला हे जमायचं नाही, मग काम माझ्याकडं आलं. त्यानं भूक लागली म्हणून हात पोटाकडं नेला की मी त्याच्या बोटांवर लाकडी पट्टी मारायची आणि म्हणायची, "तोंडानं सांग!" एक दिवस नाही, दोन वर्षं. मी फार शिस्तीची होते. त्याला तोंडानं एकच शब्द आला, "ताई", आणि तोही अर्धाच. साइन मी शिकले पंचविशीत, तो वसतिगृहातून हातांनी फडाफड बोलत घरी आला तेव्हा. आणि पट्टीबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही.

ती फोनवाली सहभागितेत आली तेव्हा बावीस वर्षांची होती. अमरावतीत एका दुकानात ब्लाउज शिवायची. घर परतवाड्याचं, तीन पिढ्यांपासूनचं ख्रिस्ती. वडील गेलेले, आई एका दवाखान्यात आया. पोट्टी मोठी तिखट! माझं साइन-नाव तिनंच पाडलं. आमच्यात प्रत्येकाला हातानं करायचं एक नाव असतं, आणि ते डेफ माणसानंच ठेवायचं असा रिवाज आहे. माझं नाव म्हणजे चष्मा नाकावरून खाली ओढून वरून बघणं, कारण मी रागावले की तशी बघते म्हणे. अख्खी सहभागिता पोट धरून हसली होती.

सभा संपली की आम्ही दोघी मागच्या पायऱ्यांवर बसायचो. मी तिला वचन समजावून सांगायची आणि ती माझं डोकं खायची. एकदा तिनं विचारलं, "देवाला साइन येते?"

मी म्हटलं, "येते."

"मग माझ्या आईला का येत नाही?"

अशी होती ती. त्याच पायऱ्यांवर तिनं मला ओढणीचं सांगितलं. ती सहा वर्षांची असताना जेवायला बसलं की आई तिचे हात ओढणीनं पाठीमागं बांधायची. शाळेनं सांगितलं होतं म्हणून. तोंडानं "पाणी" म्हण, मग पाणी. तिच्या तोंडातून यायचं नाही. ताट पुढं, तहान लागलेली, आणि हात मागं. ती सांगत होती आणि मी "अरेरे" करत होते, तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी पण हेच केलंय, हे मी तिला तेव्हा सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. ती मला गुरू मानत होती ना; मला ते आवडत होतं.

चार वर्षांनी तिनं बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. आमच्या सहभागितेतला तो पहिलाच. बाप्तिस्मा मोठ्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेत, ऐकणाऱ्यांच्या समोर व्हायचा होता. आमच्याकडं पाण्यात उतरायच्या आधी साक्ष द्यावी लागते: प्रभूनं माझ्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत सांगायचं. मी तिला म्हटलं, मला आधी करून दाखव, म्हणजे माझी तयारी होईल. ती म्हणाली, "तेव्हाच बघ." पाळकसाहेब सकाळीच माझ्या कानाशी येऊन म्हणाले होते, "ताई, थोडक्यात असू द्या, आणि शेवट आनंदाचा असू द्या." हे मी दोष त्यांच्यावर ढकलायला सांगत नाही. त्यांनी सांगितलं नसतं तरी मी तेच केलं असतं.

मी पहिल्या रांगेत, मंडळीकडं पाठ करून, माइक धरून बसले. माझ्यामागं तिसऱ्या रांगेत तिची आई. परतवाड्याहून पहाटेच्या गाडीनं आली होती, चांगलं लुगडं नेसून, हातात पेढ्यांचा पुडा.

ती पांढऱ्या कपड्यात उभी राहिली आणि बोलायला लागली. "मी सहा वर्षांची. आई ओढणीनं माझे हात बांधायची. पाणी म्हण, मग पाणी. मला म्हणता येत नव्हतं."

मी माइकवर म्हणाले, "लहानपणी मला बोलता येत नसल्यामुळे खूप त्रास झाला."

बघा, तिथंच सुरुवात केली मी. ती पुढं गेली. "मी आईला अजून क्षमा केलेली नाही. मला करायची आहे. होत नाही. रोज प्रार्थनेत 'जशी आम्ही इतरांना क्षमा करतो' ह्या ओळीपाशी माझे हात थांबतात. मी प्रभूला सांगितलं, मी अशी आहे, अशीच घे. आई आज इथं बसली आहे. तिनं मला एकदा विचारावं. एकदा माफी मागावी. मग माझे हात सुटतील."

तिचे हात माझ्यासमोर होते आणि मला दिसत होते दुसरेच दोन, लहान, सुजलेले. "मी क्षमा केलेली नाही" हे वाक्य माझ्या आवाजात माझ्याच कानावर पडलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं. मी बोलले, "पण प्रभूनं मला क्षमा करायला शिकवलं. मी माझ्या आईला मनापासून क्षमा केली आहे. आई आज इथं आहे. मी तिची आभारी आहे."

मंडळी एका सुरात "आमेन" म्हणाली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी डेफ लोकांसारखे हात वर करून हलवले. आणि माझ्यामागून एक हंबरडा आला. तिची आई रांगेतून धावत पुढं आली, लेकीला मिठी मारली, तिचे पटापट मुके घेतले, रडत होती आणि हसत होती, हसत होती आणि रडत होती. मग पेढ्याचा तुकडा तिच्या तोंडात कोंबला. आईच्या खांद्यावरून तिनं माझ्याकडं पाहिलं. भुवया वर. काय झालं?

मी हातानं म्हटलं, "आई खूश."

एवढंच. मग ती पाण्यात उतरली.

तिच्या बाजूनं विचार करा. तिनं अख्ख्या मंडळीसमोर आईला सांगितलं की तू माझे हात बांधलेस, माझी माफी माग. आणि आईनं ते ऐकलं, हसली आणि पेढा भरवला! तिला असंच वाटणार ना? मला हे त्या दिवशी सुचलं नाही. मी घरी जाताना गाडीत चक्क खूश होते. माय-लेकी एक झाल्या, आणि मी जुळवलं!

पुढचे तीन शनिवार ती आली आणि गप्प बसली. चौथ्या शनिवारी आली नाही. मी गाडीत होते, मूर्तिजापूर आलं होतं, आणि तिचा मेसेज आला: "आईनं सगळं ऐकलं आणि हसली. आता मागायचं काय राहिलं? मी येणार नाही. परतवाड्यालाही जाणार नाही."

त्या क्षणी मला सगळं कळलं. एका ओळीचं काम होतं: आईनं ऐकलंच नाही, मी वेगळंच बोलले. मी फोन हातात धरून बडनेऱ्यापर्यंत बसले आणि शेवटी लिहिलं, "देवावर सोपव, तो बरं करील." स्वतःला चपलेनं मारायचं सोडून मी तिला उपदेश पाठवला.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. मग नाताळ झाल्यावर तिच्या आईचा मला फोन आला. "म्याडम, पोरगी नाताळाले बी आली नाई. काहून वो? रागावली का?"

मी म्हटलं, "लग्नसराईचे ब्लाउज असतील मावशी. काम असेल."

"असन. पन मले एक सांगाचं व्हतं तुमाले. त्या दिवशी मी तिची माफीच मांगाले आलो व्हतो. वीस वर्स झाले, थे ओढनी माह्या छातीवर हाये. पन तुमच्या तोंडातून तिनं आधीच माफ करून टाकलं. मंग मनलं, आता काहाले उकरून काढा? देवाचे लय उपकार झाले, म्याडम. तुमचे बी."

मी "हो, हो" म्हणून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. ती माफी मागायला आली होती! ही तेवढ्यासाठीच उभी होती! आणि मधे मी. देवाला वीस वर्षं कशाला, दोन मिनिटं पुरली असती, पण दोन मिनिटं मी बोलत होते. तरीही मी कुणाला काही सांगितलं नाही. आणखी पंधरा दिवस. हे मी स्वतःहून लिहिते आहे, कारण इथं तरी काही गोड करायचं नाही.

मग एका शनिवारी, सभा सुरू व्हायच्या आधी, ती दारात उभी. नवा फोन घेतला होता, बोललेलं लिहून दाखवणारा. बाप्तिस्म्याचा व्हिडिओ कुणीतरी काढून ग्रुपवर टाकलेला होताच. तिनं तो दुकानातल्या दुसऱ्या फोनवर लावला होता आणि आपला फोन शेजारी धरला होता. तिनं लिहून आलेलं माझ्यासमोर केलं. मी चष्मा खाली ओढला आणि वाचलं: मी माझ्या आईला मनापासून क्षमा केली आहे.

"हे कोण बोललं?" तिनं विचारलं.

"मी."

"मी हे बोलले होते?"

"नाही."

"आई कशावर हसली?"

मी फोनकडं बोट केलं. "ह्याच्यावर."

ती खुर्चीवर बसली. मला वाटलं आता ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं आपल्या हातांकडं पाहिलं. मग म्हणाली, "आईची ओढणी दिसत तरी होती."

आणि उठून म्हणाली, "चल. परतवाडा."

सभा दुसऱ्यावर सोपवून आम्ही निघालो. एस.टी.त ती खिडकीशी बसली आणि कपाळ काचेला लावून बाहेर बघत राहिली. डेफ माणसानं तोंड फिरवलं की तुमचं बोलणं संपलं. तुम्ही किती का हात हलवा. तासाभराच्या वर मी तिच्या शेजारी बसले होते आणि मला एक अक्षर बोलता आलं नाही. माझ्या भावाला दोन वर्षं असंच वाटत असेल, हे मला तेव्हा, त्या गाडीत, एवढ्या वयात कळलं.

आई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. लेक दिसली तशी हातातलं टाकून उठली. "माय वो! आली का वो तू!" मी मिठी होऊ दिली नाही. मधेच म्हटलं, "मावशी, थांबा. त्या दिवशी मी खोटं बोलले. तिनं जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगितलंच नाही. आज सांगते."

आई कधी माझ्याकडं बघे, कधी लेकीकडं. लेकीनं फोन काढला, शेंगांच्या डब्याला टेकवून उभा केला आणि मला समोर बसायची खूण केली. मग साक्ष पहिल्यापासून द्यायला लागली. एक वाक्य. मी तोंडानं सांगितलं. फोननं लिहिलं. तिनं वाचलं, मान हलवली. दुसरं वाक्य. ओढणी. पाणी म्हण, मग पाणी. मान हलली. मग ते वाक्य आलं.

"मी आईला अजून क्षमा केलेली नाही," मी म्हणाले. माझा आवाज फाटला. फोनला काही कळलं नाही, त्यानं भलतंच काहीतरी लिहिलं. तिनं वाचलं आणि मान आडवी हलवली. परत सांग. मी डोळे पुसले आणि परत सांगितलं, हळू, एक एक शब्द. ह्या वेळी नीट आलं. ती पुढं गेली. "आईनं एकदा विचारावं. एकदा माफी मागावी."

सगळं सांगून झालं. आई खाली बघत होती. तिच्या मांडीवर चार-दोन दाणे पडले होते, ते तिनं उचलून डब्यात टाकले. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "म्याडम, माफ कर हे हातानं कसं मनतात?"

वीस वर्षांत तिनं विचारलेली ती पहिली साइन होती. मी करून दाखवली. तिनं लेकीकडं तोंड करून केली, पण चुकली. बोटं ताठ राहिली. परत केली, परत चुकली. तिचा रडवेला चेहरा झाला. तेव्हा लेक पुढं झाली, आईचा हात हातात घेतला आणि एक एक बोट वळवून नीट लावून दिलं. मग आईनं केली. मग करतच राहिली. मी उगीच तोंड उघडून बसले होते. मला सांगायला काही उरलंच नव्हतं. शेवटी मी उठून बाहेर, अंगणात गेले.

तिनं क्षमा केली की नाही, मला माहीत नाही. प्रार्थनेत त्या ओळीपाशी तिचे हात आता थांबतात का, ते मी बघत नाही. ती राहिली त्या रात्री आईकडं, एवढं खरं. मला सोडायला मात्र स्टँडवर आली.

अकोल्याची गाडी भरलेली, खिडकीची काच अडकलेली, उघडेना. बाहेरचे लोक आतल्यांना ओरडून ओरडून सांगत होते आणि आतल्यांना काही ऐकू येत नव्हतं. आम्ही दोघीच आरामात बोलत होतो, काचेतून. मी तिची माफी मागितली. आणि मग, गाडी सुटायला आली तेव्हा, तिला पट्टीचं सांगितलं. सगळं. म्हणून मी ते वाक्य गिळलं, हेही.

तिनं नीट बघून घेतलं. मग विचारलं, "भावाची माफी मागितलीस?"

"नाही."

"मग माझी आधी कशी मागतेस? नंबरानं ये!" आणि तिनं चष्मा खाली ओढल्यासारखं केलं. माझं नाव. कित्येक महिन्यांनी. गाडी हलली.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. भाऊ ओट्याशी चहा टाकत होता. मी चप्पल काढायच्या आधी भिंतीवरचं बटण दोनदा खालीवर केलं, तसा दिवा विझून पेटला आणि त्यानं वळून पाहिलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. "लहानपणी. पट्टी. तुझी बोटं. मी मारलं. माझं चुकलं. मला माफ कर."

मग फडक्याला हात पुसून त्यानं विचारलं, "कोणती पट्टी?"

देवा शपथ सांगते, माझ्या छातीवरचा दगडच उतरला. विसरला! चाळीस वर्षं मी उगीच जीव जाळला, हा विसरूनही गेला! मी म्हटलं, "लाकडी."

त्यानं मान हलवली. "लाकडी नंतर," तो म्हणाला. "आधी हिरवी होती, प्लास्टिकची. ती माझ्या हातावर तुटली, मग तू लाकडी आणलीस."

त्यानं चहा गाळला, एक कप माझ्यापुढं सरकवला आणि आपला घेऊन बसला. मी चहा प्यायले. आठवून आठवून पाहिलं. ती हिरवी पट्टी मला अजूनही आठवत नाही.